सवय कशाची करायची?

कानात सतत आवाज येतो अशी तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात गेला की तपासणी आटोपल्यावर त्याला एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं. "याला औषध नाही, सवय करून घ्या." वाक्य खोटं नाही. पण ते निरोप दिल्यासारखं सांगितलं जातं, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. सवय होणं हाच कर्णनादावरचा आजचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. मग तो उपाय रुग्णाला शिकवला पाहिजे, सोबत राहून करवून घेतला पाहिजे. नुसतं 'करून घ्या' म्हणून माणसाला दाराबाहेर काढणं हा उपचार होत नाही. दुसरीकडे, ज्याची कानाला कधीच सवय होत नाही त्या बाहेरच्या गोंगाटाबद्दल आपण सारे एकमेकांना हेच सांगत असतो. "सणाचे चार दिवस आहेत, सहन करा. सवय होते." म्हणजे सवय जिथे होऊ शकते तिथे आपण मदत करत नाही, आणि जिथे होऊच शकत नाही तिथे तिचा आग्रह धरतो.

हा त्रास सांगताना कोणी कानात शिट्टी वाजते म्हणतं, कोणी रातकिडे किरकिरतात म्हणतं, कोणी नुसतंच कानात सूं होतं म्हणतं. डॉक्टर टिनिटस म्हणतात. 'जामा न्यूरॉलॉजी'त २०२२ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना हा अनुभव येतो, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना. त्यांतल्या १२ कोटींहून अधिक जणांचं जगणं त्यामुळे गंभीरपणे अडतं. एवढ्या मोठ्या संख्येची तक्रार घरात आणि दवाखान्यात इतकी हलक्यात कशी घेतली जाते? कारण ती दाखवता येत नाही. ताप मोजता येतो, हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. कानातली शिट्टी दुसऱ्या कोणाला ऐकवता येत नाही.

ज्याच्या हाती साधन होतं अशा एका माणसाने ती ऐकवली. चेक संगीतकार बेद्रझिख स्मेताना १८७४ मध्ये बहिरा झाला आणि कानातल्या आवाजांनी हैराण झाला. दोनच वर्षांनी त्याने 'माझ्या आयुष्यातून' ही तंतुवाद्यांची चौकडी रचली. तिच्या शेवटच्या भागात आनंदी लय एकाएकी थांबते आणि व्हायोलिनवर एकच तीव्र, उंच सूर ताणून धरलेला ऐकू येतो. बहिरेपण येताना कानात वाजलेला सूर तो हाच, असं त्याने स्वतः सांगून ठेवलं आहे. बाकीच्या कोट्यवधींना मात्र केवळ शब्दांवर भागवावं लागतं, आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवणं न ठेवणं ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

मीही या कोट्यवधींपैकी एक आहे. रात्री वीज गेली की घरातल्या बाकीच्यांना उकाड्याने जाग येते. मला जाग येते ती पंख्याचा आवाज थांबल्याने. एरवी त्या घरघरीखाली दबलेली शिट्टी एकदम मोकळी होते. ऐकण्याची पातळी मोजणाऱ्या ऑडिओमेट्रीच्या बंद खोलीतही हेच घडतं. कानावर हेडफोन, हातात बटण, आणि सूर ऐकू आला की बटण दाबायचं. माझ्या शिट्टीच्या जवळपासचा बारीक सूर लागला की तो यंत्रातून येतोय की माझ्याच कानात आहे, हे कळेनासं होतं. बोट बटणावर नुसतं अडून राहतं. तपासणाऱ्या ताई जाणकार होत्या. काचेपलीकडून त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि सलग सूर बंद करून तुटक, टप्प्याटप्प्याने येणारा सूर लावला. माझी शिट्टी अखंड असते, त्यामुळे तो वेगळा ओळखू आला. आपलं म्हणणं कोणीतरी खरं मानून त्याप्रमाणे पद्धत बदलली, याने त्या दिवशी मला जेवढा धीर आला तेवढा नंतरच्या कोणत्याही चिठ्ठीने आला नाही.

आता हा आवाज येतो कुठून? आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वयाने, मोठ्या आवाजाने, काही औषधांनी त्या मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. ज्या सुरांचे संदेश येणं कमी झालं, त्या सुरांसाठी मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्या वाढीव संवेदनेत स्वतःचीच हालचाल त्याला आवाज म्हणून जाणवू लागते. आजचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण हे आहे. श्रवणनाडीवरच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत नाडीच कापावी लागली, तरी अनेक रुग्णांना आवाज येतच राहतो, यावरूनही हेच दिसतं. म्हणजे आवाजाचं ठिकाण बहुतेक वेळा मेंदूत आहे. पण मेंदूत आहे म्हणजे मनाचे खेळ आहेत, असा जो अर्थ घरोघरी लावला जातो तो साफ चुकीचा आहे. दुखणंसुद्धा मेंदूतच जाणवतं. म्हणून दाढदुखीला कोणी मनाचे खेळ म्हणत नाही.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी कानाची कसलीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येतं ते विचारलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. पूर्ण शांततेत जवळपास प्रत्येकाच्या कानात काहीतरी वाजत असतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कर्णनादाची तीव्रता बाहेरच्या सुराशी जुळवून मोजतात, तेव्हा ती बहुतेक रुग्णांत ऐकू येण्याच्या किमान पातळीच्या जेमतेम दहा डेसिबल वर भरते. झोप उडालेल्या, नोकरी सोडायला निघालेल्या माणसाचा आवाजही मोजायला गेलं तर बारीकच निघतो. एवढ्याच आवाजाचा दुसरा माणूस विचारल्याशिवाय त्याचा उल्लेखही करत नाही. या दोघांत फरक कशाचा?

संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये याचं जे उत्तर मांडलं त्यावर आजचे बहुतेक उपचार उभे आहेत. मेंदू प्रत्येक आवाजाची वर्गवारी करत असतो. निरर्थक ठरलेला आवाज जाणिवेपर्यंत पोचू देत नाही, धोक्याचा ठरलेला आवाज पुन्हा पुन्हा समोर आणतो. कानातली शिट्टी एकदा धोक्याच्या यादीत गेली की भीतीने लक्ष तिकडे जातं, लक्ष गेल्याने ती मोठी वाटते, मोठी वाटल्याने भीती वाढते. झोप बिघडली की हे सगळं आणखी घट्ट होतं. हे नीट समजून घेतलं तर "याला औषध नाही, सवय करून घ्या" या वाक्याने नेमकं काय होतं ते लक्षात येईल. रुग्ण आलेला असतो तो आपण बहिरे होणार का, मेंदूत गाठ तर नाही ना, वेड तर लागत नाही ना, हे प्रश्न घेऊन. त्यांची उत्तरं न देता "औषध नाही" एवढंच सांगितलं की त्याच्या मेंदूत तो आवाज धोक्याच्या यादीत कायमचा नोंदला जातो. सवय व्हायची ती याच वाक्याने लांबते. दहा मिनिटं बसून, चित्र काढून हा प्रकार समजावला, गंभीर कारणं तपासून बाजूला काढली आहेत हे स्पष्ट शब्दांत सांगितलं, तर तिथूनच उपचार सुरू होतो.

डॉक्टरांची बाजूही मला मान्य आहे. ओपीडीत दिवसाला शंभर रुग्ण असताना दहा मिनिटं आणायची कुठून? शिवाय "औषध नाही" असं स्वच्छ सांगणारा डॉक्टर हा महिनोन्महिने कॅप्सूल लिहून देणाऱ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत जिंकगो, मेलॅटोनिन, झिंक यांची शिफारस करू नये असं म्हटलं आहे. आपल्याकडे औषधांच्या दुकानात यांची पाकिटं सर्रास मिळतात, आणि घराघरांत कानात लसणाचं तेल सोडणं चालू असतं ते वेगळंच. पण त्याच मार्गदर्शिकेत दोन गोष्टी करा असंही सांगितलं आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करा, आणि त्रास टिकून असेल तर बोधात्मक वर्तनोपचार द्या. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये या मानसोपचाराचे २८ अभ्यास एकत्र तपासले, २,७३३ रुग्णांचे. त्याने आवाज कमी होतो असं दिसलं नाही, आवाजाचा जाच कमी होतो असं दिसलं. अगदी याचंच नाव सवय. गोळी नाही हे खरं, पण गोळी नाही म्हणजे उपचार नाही हे खरं नाही.

श्रवणयंत्राची गोष्ट तर जास्तच चटका लावणारी आहे. कर्णनाद असलेल्या अनेकांना ऐकू कमी येत असतं आणि ते त्यांना माहीतही नसतं. यंत्राने बाहेरचे बारीकसारीक आवाज पुन्हा कानात येऊ लागले की आतला आवाज पुष्कळदा मागे सरतो. पण चाळिशीचा चष्मा लागला तर आपण पेढा वाटावा इतक्या सहज सांगतो, आणि "कानाचं मशीन" म्हटलं की घरात कुजबूज सुरू होते. मुलीच्या लग्नाआधी नको, नोकरीत कळायला नको. कपाटात पडून राहिलेली किती यंत्रं मी पाहिली आहेत! घरच्यांनी एक वाक्य बदललं, "आम्ही जरा मोठ्याने बोलतो" ऐवजी "तू मशीन लाव" म्हटलं, तरी खूप काही सुटेल.

आणखी एक समजूत भेटते, आणि ती आदराने तपासायला हवी. कोणी वडीलधारे म्हणतात, हा अनाहत नाद आहे, भाग्यवान आहेस. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या प्रकरणात कान बंद करून आतला नाद ऐकण्याची साधना सांगितली आहे. समुद्र, मेघ, शंख, घंटा, मग बासरी, वीणा, भुंगा असे उत्तरोत्तर सूक्ष्म होत जाणारे आवाज तिथे येतात. साधक तिथे आपणहून जातो, आसनावर बसतो, आणि उठायचं तेव्हा उठतो. रुग्णाला उठता येत नाही, हा फरक डोंगराएवढा आहे. सुश्रुतसंहितेने तर कर्णनाद कानाच्या २८ रोगांत धरला आहे. आपल्या जुन्या वैद्यांनी त्याला साक्षात्कार म्हटलं नाही, रोग म्हटलं. तरीही साधकाच्या अनुभवातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. भीती नसेल तर तशाच आवाजाकडे माणूस शांतपणे लक्ष देऊ शकतो. सवयीचा पाया हाच आहे. पण दुःख सांगणाऱ्याला "भाग्यवान आहेस" म्हणणं म्हणजे त्याची तक्रार त्याच्या तोंडातून काढून घेणं.

आता बाहेरच्या आवाजाकडे येतो, कारण कानात वाजणाऱ्या शिट्ट्यांपैकी पुष्कळ शिट्ट्या टाळता आल्या असत्या. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर दोन तास नाचून आलेल्या पोराच्या कानाला दडे बसतात, रात्रभर कानात सूं होतं, आणि सकाळी सगळं ठीक वाटतं. यालाच तो सवय म्हणतो. हार्वर्डच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर हे तपासलं. मोठ्या आवाजानंतर काही दिवसांनी उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली. पण केशपेशी आणि नाडी यांच्यातले सांधे मोठ्या प्रमाणात कायमचे तुटलेले आढळले. चाचणी चांगली, आतली जोडणी मात्र गेलेली. माणसातही असंच घडत असावं असं मानायला सबळ कारणं आहेत. ऑडिओमेट्री नॉर्मल असूनही कानात आवाज येणाऱ्यांचं कोडं त्याने बरंचसं सुटतं. तेव्हा सकाळी कान मोकळा झाला म्हणजे कान वाचला असं धरून चालू नये.

डेसिबलची मोजणी इथे दगा देते. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, ९० डेसिबल फक्त चार तास, आणि १०० डेसिबल जेमतेम २० मिनिटं. डॉल्बीसमोरचा आवाज शंभराच्या वर असतो. म्हणजे आठवडाभराचं माप पहिल्या चौकातच संपतं. ढोल-ताशा पथकांतली मुलंमुली तर गणपतीआधी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी सराव करतात, ढोल पोटाला बांधून. मला ढोल आवडतो. त्याच्या ठेक्याने माझ्याही अंगावर काटा येतो. म्हणूनच प्रत्येक पथकप्रमुखाला माझं सांगणं आहे की टिपऱ्या वाटता तसे कानात घालायचे बोळे वाटा. फोमचे बोळे अगदी स्वस्त मिळतात आणि ठेका त्यातूनही ऐकू येतो.

कायदा नाही असंही नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिले. आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली वर्षानुवर्षं मीटर घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही आणि तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी. तरीही गल्लीतल्या माणसाला पोलिसांना फोन करायची भीती वाटते, कारण उद्या त्याच मंडळाच्या दारावरून जायचं असतं. इथे सवय झाली आहे ती कायदा न पाळण्याची.

आणि ज्यांना भीती वाटण्याइतकीही सवड नाही असे लोक आहेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी असते आणि शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कामगार सुरक्षेच्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. पण थोडेच कामगार असलेल्या असंख्य शेड त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात श्रवणदोष मोजला जातो तो दोन्ही कानांत किती डेसिबल ऐकू येत नाही यावर. ऐकू येतं पण शिट्टी थांबत नाही अशा माणसाला त्यात रकाना नाही. प्रमाणपत्र दिलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण मागावर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, हे मागणं फार मोठं नाही.

तक्रार गांभीर्याने घेतली की बदल होतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शनं कित्येक महिने द्यावी लागत. जीव वाचे, पण अनेकांचे कान जात, कानात कायमचा आवाज राही. मुंबईत अशा क्षयरोगाचं ओझं मोठं, म्हणून हे दुःखही मोठं. २०१८ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने आणि पाठोपाठ भारतानेही तोंडाने घ्यायच्या औषधांकडे मोहरा वळवला. त्यामागच्या कारणांत कानाची हानी हेही होतं. तिथे कोणी "जगलात ना, मग सवय करा" म्हणून थांबलं नाही.

बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयांत कान तपासण्याची सोय उभी करायची आहे. माझी मागणी साधी आहे. जिथे ऑडिओमेट्री होते तिथेच कर्णनादाच्या रुग्णाला मराठीतून समजावून सांगणारं एक माणूस असावं, हातात द्यायला दोन पानांचं पत्रक असावं, आणि गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची वाट असावी. यासाठी नवं यंत्र लागत नाही.

तोवर ज्यांच्या कानात आवाज आहे त्यांना माझं सांगणं. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर धपधप होत असेल, किंवा ऐकणं एकाएकी कमी झालं असेल तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार पहिल्या काही दिवसांतच लाभतो. एरवीही एकदा नीट तपासून घ्या, कधी कधी कारण नुसता मळ किंवा मधल्या कानातलं बरं होण्यासारखं दुखणं निघतं. झोपताना खोली अगदी निःशब्द ठेवू नका, पंखा किंवा पावसाचा ध्वनिमुद्रित आवाज बारीक चालू असू द्या. आतला आवाज बुडवून टाकण्याइतका मोठा मात्र नको, मेंदूला तो ऐकूनच सोडून द्यायला शिकायचं आहे. याला महिने लागतात, क्वचित वर्ष-दोन वर्षंही, पण बहुतेकांच्या बाबतीत जाच कमी होतो. आणि एखाद्या रात्री जीव नकोसा झाला तर ते घरात बोलून दाखवा. घरी बोलता येत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.